पत्ता यंत्राला जुळवू द्या: फिशिंग मेल आणि ब्राउझरच्या त्रुटींपासून पासवर्ड कसे राखायचे

पासवर्ड जातो तो मुख्यतः दोन वाटांनी. एक तर आपणच तो चुकीच्या दारात टाइप करतो, नाहीतर आपल्या ब्राउझरमधून तो परस्पर उचलला जातो. पहिली वाट फिशिंगची, म्हणजे खोट्या मेलने फसवून नेण्याची. दुसरीत ब्राउझरची त्रुटी, लबाड एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किंवा संगणकात शिरलेला माहितीचोर प्रोग्राम असतो. बऱ्याचदा या वाटा एकमेकींना मिळतात. मार्च २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांना असे मेल सापडले. रशियातल्या माध्यमसंस्था, शिक्षणसंस्था आणि सरकारी कार्यालयांना एका परिषदेचं निमंत्रण गेलं होतं आणि त्यात एक लिंक होती. ती क्रोममध्ये उघडली की काम झालं; पुढे काही टाइप करायचं नव्हतं, डाउनलोडही करायचं नव्हतं. उघडलेल्या पानाला बाकी संगणकापासून वेगळं ठेवणारी क्रोमची भिंत, म्हणजे सँडबॉक्स, ओलांडू देणारी सीव्हीई-२०२५-२७८३ ही त्रुटी त्यामागे होती. गूगलने १३४.०.६९९८.१७७ या आवृत्तीत ती बुजवली.

‘नीट बघा, सावध राहा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण त्याच्यावर घर उभं राहत नाही. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना ‘पासवर्ड ताबडतोब बदला’ असा गूगलच्या नावाचा मेल आला. त्यांच्या कार्यालयाने तो संगणक विभागाकडे तपासायला पाठवला आणि तिथून उत्तर आलं, ‘मेल खरा आहे’. ‘खरा नाही’ असं लिहायचं होतं, असं तो कर्मचारी नंतर म्हणाला. शंका घेतली, विचारलं, तरी खातं गेलंच. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: वेबपत्ता जुळवण्याचं काम डोळ्यांकडून काढून यंत्राकडे द्यायचं आणि ते यंत्र, म्हणजे ब्राउझर, ताजं आणि हलकं ठेवायचं. सगळं बसवायला दोन-तीन तास लागतात. एका रविवारी होतं.

पायरी १: आधी मेलचं खातं

फेसबुकसारख्या बऱ्याच खात्यांत ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की दुवा किंवा कोड बहुधा मेलवरच येतो. म्हणजे मेलचं खातं ही घराची मुख्य किल्ली. सुरुवात इथूनच करायची.

जीमेल असेल तर उजवीकडे वरच्या फोटोवर दाबून ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’ आणि मग ‘सिक्युरिटी’ उघडा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल चालू आहेत का ते बघा. जुन्या कंपनीचा मेल किंवा बंद पडलेलं सिम तिथे राहिलेलं असणं ही नेहमीची चूक आहे, कारण बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. मग ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जा, विकलेला फोन, जुन्या कार्यालयातला संगणक दिसला तर साइन आउट करा. शेवटी थर्ड-पार्टी ॲप्सची यादी उघडा आणि ज्याचा उपयोग आठवत नाही त्याचा प्रवेश काढून टाका.

या यादीकडे सहसा कोणी फिरकत नाही. ३ मे २०१७ रोजी ‘तुमच्याशी एक डॉक्युमेंट शेअर केलं आहे’ असे मेल जगभर पसरले. बटण दाबल्यावर उघडणारं पान गूगलचं खरंखुरं पान होतं. फक्त परवानगी मागणाऱ्या ॲपने स्वतःचं नाव ‘गूगल डॉक्स’ ठेवलं होतं. ‘अलाऊ’ दाबलं की मेल वाचायचा आणि संपर्कातल्या सगळ्यांना पाठवायचा अधिकार त्याला मिळे. यात पासवर्ड कुणी मागितलाच नाही. ॲपचा प्रवेश काढणं हा सरळ उपाय होता.

पायरी २: पासवर्ड मॅनेजर

प्रत्येक खात्याला वेगळा, २० अक्षरांचा, यंत्राने बनवलेला पासवर्ड द्यायचा आणि तो लक्षात ठेवायचा नाही. तो जपून ठेवणं आणि योग्य पानावर भरणं हे काम पासवर्ड मॅनेजर नावाच्या प्रोग्रामचं. त्यांपैकी बिटवॉर्डनची मोफत आवृत्ती घरच्या वापराला पुरेशी आहे. ऑनलाइन काही ठेवायचंच नसेल तर कीपासएक्ससी घ्या. ते सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये तुमच्याच संगणकावर ठेवतं. मात्र त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायला विसरलात तर दोष तुमचा. क्रोम किंवा फायरफॉक्समध्येच साठवत असाल तर तेही, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं. तेवढं दार लोटून घ्या. फायरफॉक्सच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ चालू करा. विंडोजवरच्या क्रोममध्ये पासवर्ड भरताना विंडोज हॅलो (चेहरा, बोट किंवा पिन) विचारण्याची सोय आहे, ती चालू करा. याने शेजारी बसलेला माणूस थांबतो. संगणकात शिरलेला माहितीचोर प्रोग्राम थांबेलच असं नाही.

मॅनेजरचा खरा फायदा लक्षात ठेवण्याचा नाही. तो पासवर्ड वेबपत्त्याशी बांधून ठेवतो. पान हुबेहूब बँकेचं दिसत असलं, लोगो, रंग, सूचना सगळं जागच्या जागी असलं, तरी पत्ता जुळला नाही तर तो गप्प बसतो. म्हणून नियम असा: नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर तिथेच थांबा. मॅनेजर उघडून, पासवर्ड कॉपी करून हाताने चिकटवायचा मोह होतो आणि सगळी तटबंदी तिथेच कोसळते.

आपल्याकडे या नियमाला सध्या एक खरी अडचण आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेटबँकिंगचे पत्ते ‘.बँक.इन’ या शेपटाखाली आणायला सांगितलं. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, म्हणून पाऊल चांगलंच आहे. पण तुमची जुनी नोंद जुन्या पत्त्याला बांधलेली असल्याने नव्या पानावर मॅनेजर गप्प राहतो. अशा वेळी मेलमधल्या किंवा एसएमएसमधल्या लिंकने आलेल्या पानावर काहीही करू नका. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा. जुना असला तर तो बहुधा नव्याकडे नेऊन सोडतो. शेपूट बघून खात्री झाली की मॅनेजरमधल्या त्याच नोंदीत नवा पत्ता जोडा. हे काम एकदाच करायचं आहे.

पान उघडताक्षणी आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवा; आपण क्लिक केल्यावरच पासवर्ड भरला जावा. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना काही संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांच्या स्क्रिप्ट सापडल्या होत्या. त्या पानावर न दिसणारे रकाने टाकत आणि ब्राउझरने त्यात भरलेला ईमेल पत्ता उचलत. ऑगस्ट २०२५ मध्ये डेफ कॉन या हॅकर परिषदेत तर मॅनेजर एक्स्टेंशनची खिडकीच पारदर्शक करून, कुकीच्या खोट्या सूचनेवरचा क्लिक त्या खिडकीवर कसा वळवता येतो ते दाखवलं गेलं. यावर उतारा: एक्स्टेंशनच्या ‘साइट ॲक्सेस’मध्ये ‘ऑन क्लिक’ निवडा. दर वेळी एक क्लिक जास्त पडतो. पडू द्या.

मास्टर पासवर्ड मराठीत, पण रोमन अक्षरांत

लक्षात ठेवायचा एकच पासवर्ड उरतो, तो मॅनेजरचा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०२५ च्या सुधारित मार्गदर्शिकेत, नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या खात्याला किमान १५ अक्षरं सांगितली आहेत आणि दर काही महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये असंही म्हटलं आहे. ‘एक मोठं अक्षर, एक चिन्ह, एक अंक’ या कवायतीपेक्षा लांबीचा उपयोग जास्त होतो.

फाशांची पद्धत उत्तम. ७,७७६ शब्दांची यादी असते. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द मिळतो. असे सहा शब्द घेतले की सुमारे ७७ बिटांची ताकद येते (म्हणजे दोनाचा सुमारे ७७ वा घात इतक्या शक्यता) आणि ती अंदाजाने फोडणं हाताबाहेरचं काम आहे. मराठी शब्द हवे असतील तर घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पानं उघडा आणि एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द उचला. ताकद फाशांइतकी नेमकी मोजता येणार नाही, पण आपल्या डोक्यातून सुचलेल्या शब्दांपेक्षा बरी. अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा, गडाचं नाव किंवा मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. अशा ओळी आणि नावं चोरांच्या याद्यांत आधीच असतात. शब्द निवडताना स्पेलिंगही ठरवून टाका. ‘झाड’ कोणी ‘झेड’ने लिहितो, कोणी ‘जेएच’ने, आणि तीन महिन्यांनी आपलंच आपल्याला आठवत नाही.

देवनागरीत पासवर्ड ठेवायची कल्पना आकर्षक आहे, पण टाळा. ‘ॲ’ हे अक्षर एक कीबोर्ड एकाच संकेताने टाइप करतो, दुसरा ‘अ’ आणि चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. फोन बदलला की खात्याबाहेर.

पायरी ३: दुसरं कुलूप, पण कोणतं?

एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. सिम दुसऱ्याच्या नावावर वळवून घेतलं की तो जातो. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा अंकी, ३० सेकंदांनी बदलणारा कोड त्याहून बरा, कारण त्यात सिमचा संबंध नाही. पण फिशिंगपुढे दोघंही लंगडे पडतात. एव्हिलजिन्क्ससारखी साधनं तुमच्या आणि खऱ्या संकेतस्थळाच्या मध्ये बसतात. तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकता, ते तो लगेच खऱ्या पानावर टाकतं. ओटीपी येतो, तुम्ही भरता, तोही पुढे जातो. खरं संकेतस्थळ ‘हा माणूस आत आला’ अशी खूण म्हणून सेशन कुकी देतं, ती चोराच्या हाती राहते. आता त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही.

पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) आणि हार्डवेअर सिक्युरिटी की (वेगळं छोटं उपकरण) यांचं तसं नाही. त्या ज्या पत्त्यासाठी बनल्या त्याच पत्त्याला उत्तर देतात. मध्ये बसलेल्या पानाचा पत्ता वेगळा, म्हणून किल्ली फिरतच नाही. तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशी की सक्तीची केली. त्यानंतर कामाच्या खात्यावर यशस्वी फिशिंग झाल्याची नोंद नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं.

गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’खाली ‘पासकीज अँड सिक्युरिटी कीज’ उघडून ‘क्रिएट अ पासकी’ दाबा. किल्ली फोनमध्ये राहते, तुमचं बोट किंवा चेहरा दाखवला की ती फिरते. हार्डवेअर की घेणार असाल तर दोन घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी नोंदवा, एक घरी कपाटात. ‘सिक्युरिटी’खालीच ‘बॅकअप कोड्स’ मिळतात: आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर छापा आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. त्याच मेलमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत ठेवलेत तर किल्ली कुलपातच अडकवून ठेवल्यासारखं होईल.

बँकांच्या बाबतीत निवड सहसा आपल्या हातात नसते. तिथे ओटीपीच्या एसएमएसमधला व्यवहार आणि रक्कम वाचणं, एवढंच करता येतं.

पायरी ४: मेल आणि पत्ता वाचण्याची रीत

फोनवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं आणि नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. जीमेल ॲपमध्ये नावाखालच्या ‘टू मी’वर दाबा, पूर्ण पत्ता उघडतो. संगणकावर तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडलं की वर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल कुठून निघाला ते तपासणाऱ्या चाचण्यांच्या तीन ओळी दिसतात. ‘फेल’ असेल तर मेल खोटा धरून चाला. ‘पास’ म्हणजे मात्र खरा असं नाही. ज्या डोमेनचं (पत्त्यातल्या ‘ॲट’च्या चिन्हापुढच्या भागाचं) नाव तिथे आहे तिथूनच तो निघाला, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते डोमेन भामट्याने कालच विकत घेतलेलं असू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये तर गूगलचीच खरी स्वाक्षरी असलेला जुना मेल तसाच्या तसा पुढे पाठवून लोकांना फसवल्याचं उघड झालं. खाली दिलेली लिंकही ‘गूगल साइट्स’वरची होती.

वेबपत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यापुढे पहिली एकटी तिरकी रेघ शोधा, तिच्या लगेच डावीकडे असेल ते खरं घर. देवनागरीत नमुना घ्या: ‘माझीबँक.बँक.इन/लॉगिन’ हे बँकेचं. ‘माझीबँक.बँक.इन.केवायसी-अपडेट.टॉप/लॉगिन’ हे मात्र ‘केवायसी-अपडेट.टॉप’ नावाच्या भलत्याचंच. त्या पहिल्या रेघेच्या आधी ‘ॲट’चं चिन्ह दिसलं तर चिन्हाच्या डावीकडचं सगळं फुकट, ब्राउझर उजवीकडच्या पत्त्यावर जातो.

डोळ्यांची ही तपासणीही अपुरी पडते. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतल्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी ‘ॲपल डॉट कॉम’ नोंदवलं. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते खऱ्यासारखंच दिसे. क्रोमने ५८ व्या आवृत्तीत ते बदललं. २०२२ मध्ये आणखी एक युक्ती पुढे आली: ‘गूगलने साइन इन करा’ दाबल्यावर उघडणारी खिडकीच चित्रासारखी रंगवायची, पत्त्याच्या पट्टीसकट. ती ओळखायची तर खिडकी धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढा. खरी खिडकी बाहेर येते, रंगवलेली कडेलाच अडते. कुलपाचं चिन्ह तर आता विसराच. त्याचा अर्थ फक्त जोडणी सांकेतिक आहे इतकाच, आणि फिशिंगची पानंही ती वापरतात. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

मेल कोणत्या मोसमात येतात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिटर्न भरायच्या दिवसांत ‘तुमचा परतावा मंजूर, खातं पडताळा’ असे मेल येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅन २.० ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि मागोमाग ‘नवं ई-पॅन डाउनलोड करा’ सुरू झालं. परतावा खरंच आलाय का, हे स्वतः पोर्टल उघडून बघा. मेलमधली लिंक न वापरता ज्याची शहानिशा होत नाही असं सहसा काही नसतं.

पायरी ५: ब्राउझर

क्रोममध्ये तीन टिंबं, ‘हेल्प’, ‘अबाउट गूगल क्रोम’. पान उघडताच तो नवी आवृत्ती शोधतो. नंतर ‘रीलाँच’ दाबल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून महिनाभर ब्राउझर बंद न करणारा माणूस चार आठवडे जुन्या भोकांसकट बसलेला असतो. टॅब हरवत नाहीत, रीलाँचनंतर परत उघडतात. आठवड्यातून एकदा, समजा सोमवारी सकाळी, हे करून टाका.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून क्रोमबरोबर ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ही अद्ययावत करा, कारण कित्येक ॲपमधली पानं त्यातच उघडतात. भारतातल्या आयफोनवर कोणताही ब्राउझर घ्या, आतलं इंजिन ॲपलचंच, म्हणून तिथे आयओएस अद्ययावत करणं हेच मुख्य. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे, अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८ व्या. अशा यंत्रावर बँकेचं काम करू नका.

एक्स्टेंशनची पाटी शक्य तितकी कोरी ठेवा. ‘सर्व संकेतस्थळांवरील डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी म्हणजे पासवर्डचा रकाना वाचायचीही परवानगी. आज चांगलं असलेलं एक्स्टेंशन उद्याही चांगलं राहील याची हमी नसते. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने फिशिंग मेल आला. त्याने परवानगी दिली आणि नाताळात कंपनीच्या एक्स्टेंशनची कुकी चोरणारी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये आपोआप उतरली. ज्याचा उपयोग महिन्याभरात झाला नाही ते काढा. ‘डिसेबल’ नको, ‘रिमूव्ह’.

सेटिंग्जमध्ये ‘सेफ ब्राउझिंग’ (धोकादायक पानांचा इशारा देणारी सोय) किमान ‘स्टँडर्ड’वर असू द्या. ‘एन्हान्स्ड’ अधिक पकडतं, पण त्यासाठी उघडलेल्या पानांची जास्त माहिती गूगलकडे जाते. ते ज्याचं त्याने ठरवावं. ‘नोटिफिकेशन्स’ची यादीही एकदा चाळा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस’ म्हणून कोपऱ्यात उगवणाऱ्या पाट्या बहुधा तिथूनच येतात.

एक युक्ती त्रुटीशिवायच चालते. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि सांगतं: विंडोज आणि आर दाबा (याने आज्ञा चालवणारी ‘रन’ची खिडकी उघडते), मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने क्लिपबोर्डवर आधीच एक आज्ञा ठेवलेली असते आणि आपल्याच हाताने आपण ती चालवतो. लुमासारखे माहितीचोर असेच शिरतात आणि साठवलेले पासवर्ड व कुकी काही क्षणांत घेऊन जातात. मे २०२५ मध्ये लुमाचं जाळं तोडताना मायक्रोसॉफ्टने लागण झालेले ३,९४,००० विंडोज संगणक मोजले होते, तेही दोन महिन्यांतले. कोणतंही खरं कॅप्चा ‘रन’ची खिडकी उघडायला सांगत नाही.

दुकानातला संगणक

महाडीबीटी, सीईटी, भरतीचे अर्ज यांसाठी सायबर कॅफेत जावं लागतं आणि तिथल्या वहीत मुलांचे मेल आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले दिसतात. अर्जासाठी वेगळं मेल खातं काढा, मुख्य खातं तिथे उघडूच नका. छापायची फाइल पेनड्राइव्हने द्या. ब्राउझरची गेस्ट विंडो घेतली तरी कीबोर्डवर नजर ठेवणारा प्रोग्राम असेल तर उपयोग नाही. म्हणून घरी आल्यावर फोनवरून पासवर्ड बदला आणि तो संगणक ‘युअर डिव्हायसेस’मधून साइन आउट करा.

पासवर्ड दिला गेलाच तर

इथे क्रम महत्त्वाचा. त्याच संगणकावरून पासवर्ड बदलू नका. आत माहितीचोर असेल तर नवाही जाईल. दुसरा संगणक किंवा फोन घ्या.

पैशाचा मामला असेल तर सगळ्यात आधी कार्डामागच्या नंबरवर बँकेला फोन, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. मग मेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांतून साइन आउट करा, म्हणजे चोरलेली कुकीही मरते. त्यानंतर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ बघा. बँकेचे मेल परस्पर दुसरीकडे पाठवून इथून पुसणारा फिल्टर भामटे मागे ठेवून जातात, आणि पासवर्ड बदलला तरी तो चालूच राहतो. रिकव्हरी नंबर, ॲप पासवर्ड, जोडलेली ॲप्स, पासकींची यादी तपासा, बॅकअप कोड नवे काढा. तोच पासवर्ड आणखी कुठे होता ते आठवून तिथेही बदला. ‘रन’ची युक्ती चालली असेल तर अँटिव्हायरसच्या एका फेरीवर विसंबू नका, फाइलींची प्रत काढून विंडोज नव्याने बसवा.

मेल पुसू नका, तो पुरावा आहे. पडद्याची चित्रं, मेलचा ‘शो ओरिजिनल’ मजकूर आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. संशयास्पद एसएमएस किंवा कॉल आला, पण नुकसान झालं नाही, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये कळवता येतं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि वेळ लेखी मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर होणारं बँकेचं. भांडण पुढे त्या वेळेच्या नोंदीवरच होतं, म्हणून फोन केल्यावर लगेच तोच मजकूर मेलनेही पाठवा, आणि तोही सुरक्षित खात्यावरून.